मदत हवी आहे: पंधरा मिनिटांत वाचून होईल असं जुनं गद्य

आमच्या वाचनालयात आम्ही रविवारी मोठ्याने वाचन करतो. कॉलेजची मुलं, रिक्षावाले, निवृत्त मंडळी असा मिश्र गट आहे. जुन्या काळातली माणसं भेटावीत, हा हेतू.

दिवाकरांच्या नाट्यछटा (एकाच पात्राच्या तोंडची छोटी नाट्यमय भाषणं) छान रंगल्या. रशियन लेखक चेखॉव्हची १८८६ची गोष्टही वाचली. त्यात मुलगा गेल्याचं दुःख कुणीच ऐकून घेत नाही, म्हणून घोडागाडीवाला शेवटी ते आपल्या घोडीला सांगतो. ती संपताच एक रिक्षावाले काका आपल्या गिऱ्हाइकांबद्दल भरभरून बोलले. फुल्यांच्या शाळेतली विद्यार्थिनी मुक्ता साळवे यांचा 'ज्ञानोदय' या नियतकालिकातला १८५५चा, मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध तर पुन्हा वाचायला लावला. 'गाथासप्तशती' या प्राचीन प्राकृत काव्यसंग्रहात मात्र दर गाथेमागे खुलासा करावा लागला आणि लय तुटली.

आता १९२०च्या आधीचं, बायकांनी किंवा कष्टकऱ्यांनी स्वतः लिहिलेलं गद्य हवंय. पत्र, आठवण, निबंध, काहीही. पण त्यात स्वयंपाक, आजारपण, उधारी असं रोजचं जगणं दिसायला हवं. संतवाङ्मय नको, ते बहुतेकांना पाठ आहे. मोडी येत नाही, देवनागरीत छापलेलंच लागेल. अनुवाद चालेल.

ताराबाई शिंदे यांच्या 'स्त्रीपुरुषतुलना' या निबंधातला (१८८२) कुठला भाग सुटा वाचला तरी पूर्ण वाटेल? आणि याखेरीज नेमकं काय वाचावं, ते कुठल्या पुस्तकात मिळेल?