चाळीस जणांच्या खिचडीला केवढं पातेलं घ्यावं?

बोरीकाठचा (अमळनेर)

मंडळी, रामराम.

आमचा अमळनेरचा भटक्यांचा गट आहे. सुरुवातीला आठ-दहा टाळकी होतो, आता बायका-पोरं धरून ३५ ते ४० भरतात. दिवाळी सरली की फेब्रुवारीपर्यंत महिन्याचा एक रविवार ठरलेला. कधी लळिंग, कधी पाटणादेवी, कधी सातपुड्याच्या पायथ्याला मनुदेवी. जेवण तिकडेच रांधतो. भरीत असलं तर काही प्रश्नच नाही; वांगी पऱ्हाट्यांवर (कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर) भाजायची, लाकडी बडगीत ठेचायची, भांडं लागतं ते फोडणीपुरतं. पण पोरं म्हणतात दर वेळी भरीत नको. मग फोडणीची खिचडी नाहीतर शेवभाजी, आणि तिथेच आमचं घोडं अडतं.

गेल्या डिसेंबरात एका मंडपवाल्याकडून मोठं पातेलं भाड्याने आणलं. दिसायला झकास, आतून लख्ख घासलेलं. तीन दगडांवर ठेवलं, पऱ्हाट्या पेटवल्या, तेल ओतलं आणि बूड टणकन वाजून मधोमध वर आलं. फुगलेल्या पुरीसारखं. तेल सगळं कडेला पळालं. मधला लसूण काळा ठिक्कर, कडेचा कच्चाच. पुढे तांदूळ-डाळ टाकल्यावर मी आणि मेहुणा आळीपाळीने उलथनं फिरवत होतो, तरी खालची दोन बोटं खिचडी करपलीच. तो वास वरच्या खिचडीलाही लागला. तोंडावर कोणी काही बोललं नाही, पण पापड आणि वरून घ्यायचं शेंगदाण्याचं तेल संपलं आणि खिचडी उरली, यातच काय ते समजा. वर आणखी, ओतताना एका बाजूची कडी हातात आली. नशीब, तोवर भांडं अर्धं रिकामं झालं होतं.

आता वर्गणी काढून स्वतःचंच घ्यायचं ठरलंय. जळगावला एका दुकानात विचारलं तर त्याने सरळ ५० लिटरचं पुढे केलं. म्हणाला, "एकदाच घ्या, माणसं वाढली तरी चिंता नको." पातेलं म्हणा, भगोनं म्हणा, गंज म्हणा, पण घ्यावं केवढं? जर्मनचं (म्हणजे ॲल्युमिनियमचं) की स्टीलचं? घरात आईच्या वेळचं एक पितळी पातेलंही पडून आहे, ते चालेल का? ज्यांनी स्वतः जाळापुढे उभं राहून रांधलंय त्यांनी सांगा.

वाघूरचं पाणी

पातेलं मोठं ले भो, पन उचलाले कोन शे?

(चेष्टा नाही. ५० लिटरचं भांडं काठोकाठ भरलं की ५० किलोच्या वर जातं, तेही उकळतं. आधी याचं उत्तर काढा.)

चूलवाली (मुक्ताईनगर)

दादा, वरच्या भाऊंनी एका ओळीत सगळं सांगितलंय. मी आषाढीच्या पायी दिंडीत स्वयंपाकाला असते, सव्वाशे-दीडशे माणसांच्या. तरी आमच्याकडे ५० लिटरचं भांडं एकच, आणि ते पाण्याला. अन्न शिजवायला त्याहून लहान भांडी, पण जास्त.

तुमचाच हिशोब धरू. ४० माणसं, त्यात पोरं आहेत, म्हणजे माणशी १०० ग्रॅम कोरडा शिधा पुरे. तांदूळ ३ किलो, तूरडाळ १ किलो. सैलसर खिचडीला तिप्पट पाणी, म्हणजे १२ लिटर. कांदा-बटाटा-शेंगदाणे धरून सगळं मिळून सोळा-साडेसोळा लिटर होतं. भांडं दोन तृतीयांशाच्या वर भरायचं नाही, नाहीतर हलवताना खिचडी जाळात सांडते आणि उकळी आली की डाळीचा फेस बाहेर येतो. म्हणजे तुम्हाला २५ लिटरचं हवं. ५० चं घेतलंत तर खिचडी तळाला पसरेल, थर पातळ होईल, पाणी भराभर आटेल आणि पुन्हा तेच करपणं.

दुकानात लिटरवर विश्वास ठेवू नका, टेप घेऊन जा. तोंड ३८ सेंटीमीटर आणि उंची २२ असली की सुमारे २५ लिटर होतं. उंच घेऊ नका. उंच भांड्यात रस्सा चांगला होतो, पण खिचडी तळापासून हलवायची तर हात कोपरापर्यंत वाफेत जातो. तुमच्या मेव्हण्यांना विचारा.

आता जाडी. खरं दुखणं ते आहे, तुमचं भाड्याचं पातेलं तिथेच मेलं. जर्मनचं भांडं किलोवर विकतात, म्हणून गिऱ्हाईक हलकं बघतं आणि फसतं. एकाच तोंडाची, एकाच उंचीची दोन शेजारी ठेवायला सांगा आणि दोन्ही काट्यावर घाला. मी सांगितलेल्या मापाचं ३ मिलिमीटर जाडीचं पातेलं झाकण सोडून ३ किलोच्या आसपास भरतं. दीड-पावणेदोन किलो भरलं तर खुशाल परत ठेवा. बोटाने टिचकी मारा: पातळ भांडं घंटेसारखं वाजतं, जाड भांडं मुकाट असतं.

कड्या. हे कोणी बघत नाही. आत हात घालून रिबिटं चाचपा, प्रत्येक कडीला निदान चार हवीत. आणि कडी उभी केल्यावर काठाच्या वर आली पाहिजे, म्हणजे दोन्ही कड्यांतून बांबू घालून दोघांना खांद्यावर घेता येतं. आम्ही गरम भांडं हाताने उचलतच नाही.

जाळाचंही थोडं तुमच्याकडेच येतं हं. पऱ्हाटीचा जाळ भडकतो आणि विझतो. वांग्याला उत्तम, भांड्याला वैरी. फोडणीपुरत्या पऱ्हाट्या ठीक, पुढे बाभळीची दोन जाड लाकडं घाला आणि डाळ अर्धी शिजली की एक ओढून घ्या. भांडं चढवायच्या आधी बाहेरून ओल्या मातीत राख कालवून लेप द्या. घरी आल्यावर काजळी लेपासकट निघते, घासायला रडावं लागत नाही.

शेवभाजीचं एकच सांगते: शेव पातेल्यात कधीच टाकू नका. नुसता रस्सा उकळता ठेवा, शेव ताटात. चाळीसावा माणूस जेवायला बसेपर्यंत पातेल्यातल्या शेवेचं पिठलं होतं.

कल्हईवाल्याचा नातू (धुळे)

पितळेबद्दल मी बोलतो, घरचा धंदा होता.

पितळी भांड्यात अन्न सुरेख शिजतं, पण कल्हई असेल तरच. शेवभाजीच्या रस्स्यात टोमॅटो असतोच. बिनकल्हईच्या पितळेत आंबट टाकलं की अन्न कळकतं, पोटाला बाधतं. कल्हई म्हणजे कथील. भांडं तापवून नवसागर फिरवायचा, मग कथील लावून कापसाने पुसत न्यायचं. कथील २३२ अंशांवर वितळतं, त्यामुळे उघड्या जाळावर कोरडं भांडं तापवलंत तर कल्हई जागेवर ओघळते. तुमची फोडणीची सुरुवातच तशी आहे. आईचं पातेलं घरी बासुंदीला ठेवा, रानात नेऊ नका.

स्टीलचं म्हणाल तर आंबटाला निर्धोक आणि घासायला सोपं, पण स्टील जर्मनच्या जवळजवळ तिप्पट जड. ३ किलोत जर्मन ३ मिलिमीटरचं मिळतं, तेवढ्याच वजनात स्टील जेमतेम १ मिलिमीटरचं. शिवाय स्टीलमध्ये उष्णता पसरत नाही, जाळ लागेल तिथेच बूड पेटतं. खाली जर्मनचा जाड थर दिलेलं स्टील मिळतं, ते गॅसच्या भट्टीवर छान, तीन दगडांवर मी नेणार नाही. जर्मनच्या भांड्यात मात्र रस्सा रात्रभर ठेवू नका. झाला की वाढा, उरला तर डब्यात काढा.

चाळीसगावकर

भांड्याचं झालं, पण पाटणादेवीला चूल कुठे मांडता? तो भाग गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात येतो, १९८६ पासून. अभयारण्याला धोका होईल असा विस्तव पेटवायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने मनाई आहे, आणि हिवाळ्यानंतर तिकडचं गवत कसं वाळतं ते तुम्ही पाहिलंच असेल. आम्ही अलीकडच्या गावातल्या ओळखीच्या शेतात रांधतो, विहीरही हाताशी असते. खाऊन मग चढायला जातो. किंवा चढून येऊन खातो, ते बरं, कारण खिचडी खाऊन चढणारे आमच्यात तरी कोणी नाहीत.

बोरीकाठचा (अमळनेर)

चाळीसगावकर, कान पकडले. मागच्या वेळी देवळापासून लांब, ओढ्याच्या वाळूत मांडली होती, आम्हाला वाटलं तेवढं चालतं. आता शेतच बघतो.

ताई, तुमचा कागद करून खिशात घातला आणि शनिवारी दुकानात गेलो. टेप काढल्यावर दुकानदार हसला, काटा मागितल्यावर हसायचा थांबला. ३८ तोंडाची तीन पातेली निघाली: एक १ किलो ९००, एक २ किलो ३००, आणि मागच्या फळीवरून धूळ झटकून काढलेलं एक ३ किलो १००. तेच घेतलं. "हे कोणी नेत नाही हो, महाग पडतं," म्हणाला. सोबत ३२ तोंडाचं, १९ उंचीचं घेतलं. पंधरा लिटरचं होतं ते. मोठ्याच्या पोटात बरोबर बसतं, त्यामुळे डिक्कीत जागा एकाचीच जाते. लहान्यात रस्सा किंवा चहाचं पाणी.

कड्यांना मात्र तीन-तीनच रिबिटं होती. गावात आमच्या ओळखीच्या कारागिराकडून चौथं मारून घेतलं, आणि काठाच्या वर येतील अशा मोठ्या कड्या बसवल्या. परवा अंगणात भांड्यात २० लिटर पाणी भरलं, बांबू घातला, मी आणि मेहुणा खांद्याला लावून गच्चीपर्यंत जाऊन आलो. शेजारच्या काकू विचारत होत्या, कुणाचं लगीन शे?

एकच राहिलं. बूड जरा गोलसर आहे, दगडांवर छान बसतं, पण वाढायला खाली ठेवलं की डुलतं. यावर काय करता?

चूलवाली (मुक्ताईनगर)

सायकलचं जुनं टायर घ्या, त्याची दुहेरी गुंडाळी करून सुतळीने बांधा, वर गोणपाट लपेटा. पाणी भरलेला हंडा बसतो तसं बसतं. टायर उघडं ठेवू नका, गरम बुडाला चिकटून वास मारतं. आमचं एक तसंच गेलं.