हरिश्चंद्रगडावर आठवीच्या मुलांचा मुक्कामी ट्रेक : रात्र गडावर की पाचनईत?

सह्यशाळा :
नमस्कार मंडळी. जानेवारीच्या मध्यावर आठवीची ३६ मुलं-मुली घेऊन पायथ्याच्या पाचनई गावातून हरिश्चंद्रगड, एक रात्र मुक्काम, असा बेत चाललाय. निम्म्याहून जास्त मुलं डोंगरात पहिल्यांदाच येणार. नुसती सहल नको, भूगोल-विज्ञानाचं काही पदरात पडलं पाहिजे, ही मुख्याध्यापकांची अट आहे. बस पुण्याहून.

विचारायचं ते असं : मुक्काम गडावर देवळापाशी करावा की खाली गावात? मोठी माणसं किती लागतील? रात्रीचा वेळ कशात घालवायचा? आणि अशा ट्रेकमध्ये नेमकं काय बिघडतं?

डोंगरवाट :
सर, पहिल्यांदा येणाऱ्या मुलांना घेऊन मुक्काम पाचनईतच करा. गड दुसऱ्या दिवशी सकाळी, पाठीवर कमी ओझं घेऊन. मुलं घाबरतील म्हणून सांगत नाही, गणितच तसं आहे.

पुण्याहून आळेफाटा-कोतूळ मार्गे पाचनईला बसने पाच ते सहा तास लागतात. सकाळी सातला निघालात तरी पोचून, जेवून, मोजणी करून चालायला दोन वाजतात. मोठ्या माणसांना ही वाट दोन-अडीच तासांची. पहिलटकर मुलांचा गट धरला तर साडेतीन तास. म्हणजे साडेपाच. जानेवारीच्या मध्याला सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो. हाताशी उरला पाऊण तास. बस दोन तास उशिरा आली (येतेच) की कड्याखालची आडवी वाट आणि ओढा तुम्ही ३६ मुलं घेऊन अंधारात पार करणार.

दुसरं गणित ओझ्याचं. वर मुक्काम म्हणजे मॅट, अंथरूण, स्वेटर, जादा कपडे धरून सात-आठ किलो. या वयाचं मूल सरासरी ४० किलोचं, त्याच्या पाठीवर १५ टक्के म्हणजे सहा किलोच्या वर नको. गावात मुक्काम असेल तर सकाळी पाणी, खाऊ, टोपी, विंडचीटर एवढंच, साडेचार-पाच किलो.

तिसरी गोष्ट, हे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, १९८६ सालचं, सुमारे ३६१ चौ. किमी. तंबू, शेकोटी, वर राहणं याबद्दलचे नियम बदलत असतात. महिनाभर आधी वन विभागाच्या (वन्यजीव) राजूर परिक्षेत्र कार्यालयात शाळेच्या लेटरहेडवर अर्ज द्या आणि उत्तर लेखी घ्या. ‘गावातला ओळखीचा म्हणाला चालतं’ ही परवानगी नव्हे.

माणसं : ३६ चे १२-१२ चे तीन गट. प्रत्येक गटाला पुढे एक लीडर, मागे एक बॅकलीड, आणि पाचनईतला एक वाटाड्या. सगळ्यांवर एक मुख्य लीडर, जो कुठल्याच गटाचा नाही. असे हे दहा जण. सोबतचे शिक्षक यात धरायचे नाहीत. ते मुलांना ओळखतात, पण वाट ओळखत नाहीत. संस्थेमार्फत जाणार असाल तर राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणे पर्यटन संचालनालयाकडची नोंदणी आहे का, ते विचारा. लीडरपैकी निदान दोघांचं प्रथमोपचाराचं प्रशिक्षण झालेलं असावं. प्रमाणपत्र बघायला मागितलं म्हणून चांगली संस्था रागावत नाही.

आता बिघडतं कुठे, ते. नव्वद टक्के वेळा चालीत. पुढची दणकट पोरं धावतात, थांबतात, दहा मिनिटं बसतात. मागचं थकलेलं मूल पोचलं की ‘आले सगळे, चला’ म्हणून पुढचे उठतात. म्हणजे ज्याला विश्रांती हवी त्यालाच ती मिळत नाही, आणि तासाभरात ते मूल रडकुंडीला येतं. उपाय साधा आहे : २५-३० मिनिटं चाल, पाच मिनिटं थांबा, आणि पाच मिनिटं शेवटचं मूल टेकल्यापासून मोजायची. सगळ्यात हळू चालणाऱ्याला लीडरच्या लगेच मागे ठेवा. दोन गटांत दहा मिनिटांचं अंतर हवं, नाहीतर अरुंद जागी सगळे एकत्र येऊन तुंबतात.

मोजणी नावाने घेऊ नका. प्रत्येकाला क्रमांक आणि जोडीदार द्या, ‘एक, दोन, तीन’ असा गजर मुलांनीच करायचा. कड्याखालच्या वाटेवर थांबा घ्यायचाच नाही, वर माकडं असली की दगड येतात.

कारवीचं_रान :
वरच्या प्रतिसादाशी सहमत. गावात मुक्काम असेल तर शिकवायला वेळही दुप्पट मिळतो. एकच गोष्ट पाळा : प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न आणि एकच मोजमाप. माहिती सांगत सुटलात की मुलं पाचव्या मिनिटाला बिस्किटं काढतात.

पहिल्या दुपारी गावातून समोरचा डोंगर बघून कागदावर आडव्या रेघा मारायला लावा. उभा कडा, मग झाडीची पट्टी, परत कडा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे हे एकावर एक साचलेले थर. घट्ट बेसॉल्टचा कडा होतो. भोकं असलेला, लवकर झिजणारा थर उताराची झाडीभरली पट्टी होतो. दुसऱ्या दिवशी चढताना आपण कुठल्या रेघेवर आहोत, हे मुलांनीच सांगायचं. खडकाच्या भोकांत पांढरे स्फटिक दिसतात, ते झिओलाइट. उकरायचे नाहीत. (नाशिकहून येणाऱ्यांना सिन्नरचं गारगोटी संग्रहालय वाटेवर पडतं. पुणेकरांना नाही, त्याला इलाज नाही.)

नकाशा : सर्व्हे ऑफ इंडियाची १:५०,००० शीट छापून घ्या, दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. शंभर मीटरला आपली किती पावलं पडतात ते सपाटीवर आधी मोजून घ्यायचं. मग अंदाज : सपाटीला ताशी पाच किमी, वर दर ६०० मीटर चढाईला एक तास जादा. स्कॉटिश गिर्यारोहक नेस्मिथचा हा १८९२ चा हिशोब. मुलांच्या गटाला तो हमखास चुकतो, दीडपट तरी वेळ लागतो. तो का चुकला, हीच चर्चा घ्या.

पाणी : कोकणकड्याच्या (गडाचा कोकणाकडे तुटलेला पश्चिमेचा उभा कडा) अलीकडे पडलेला थेंब मंगळगंगेतून मुळेला, पुढे प्रवरा, गोदावरी आणि बंगालचा उपसागर. कड्याच्या पलीकडे पडला तर काळू, उल्हास आणि अरबी समुद्र. पाठ्यपुस्तकातला जलविभाजक इथे पायाखाली असतो.

रात्र : जेवणानंतर साडेआठला गावाबाहेर अर्धा-पाऊण किलोमीटर, बैलगाडीच्या रुंद वाटेनेच. टॉर्चवर लाल जिलेटिन कागद दुहेरी करून रबर लावा. डोळे अंधाराला सरावायला २०-३० मिनिटं लागतात आणि एका मोबाइलच्या उजेडाने ती वाया जातात, म्हणून मोबाइल घरातच राहतील. मग मुलं पाच-पाच पावलांवर बसवून, टॉर्च बंद, दहा मिनिटं आवाज ऐकायचे आणि दिशेनुसार कागदावर खुणा करायच्या. त्यानंतर पांढरा टॉर्च कपाळाशी, डोळ्यांच्या रेषेत धरून गवतावर फिरवा. हिरवट चमकणारे ठिपके म्हणजे कोळ्यांचे डोळे. टॉर्च कमरेशी धरला तर एकही दिसत नाही, कारण तो उजेड परत टॉर्चच्याच दिशेने जातो. अतिनील टॉर्च असेल तर दगडांच्या फटीत विंचू हिरवे चमकतात. बघायचं लांबून, बोटं खिशात.

आकाश : हाताच्या लांबीवर धरलेली मूठ म्हणजे अंदाजे दहा अंश. मुलाचा हात छोटा तशी मूठही छोटी, त्यामुळे प्रमाण तेच राहतं. गड १९ अंश अक्षांशावर, म्हणून ध्रुवतारा दोन मुठींना किंचित कमी. मोजायचं डोळ्यांच्या पातळीपासून, डोंगराच्या माथ्यापासून नाही. बहुतेक गट इथेच चुकतात आणि मग ‘अक्षांश १०’ असं उत्तर येतं. मृग, रोहिणी, कृत्तिका, व्याध सहज सापडतात. अगस्ती दाखवायलाच हवा, अकोले गावात प्रवरेकाठी अगस्ती ऋषींचं देऊळ आहे आणि तुम्ही त्याच तालुक्यात बसलाय! जानेवारीच्या मध्याला तो रात्री सव्वाअकरा-साडेअकराला सर्वांत उंच असतो, तेव्हाही दक्षिणेला फक्त १८ अंश. पाचनईच्या दक्षिणेला गडाचाच डोंगर उभा, त्यामुळे तो आड जाऊ शकतो. डोंगरापासून जरा दूरची, दक्षिण मोकळी दिसणारी जागा दुपारीच हेरून ठेवा. तारीख अमावास्येच्या आसपासची घ्या. पौर्णिमेला यातलं निम्मं होणार नाही.

शेवटचं, गावकऱ्यांना ‘माहितीदार’ म्हणून मध्ये घ्या. बाळहिरडा गोळा करून विकणं, कारवीच्या काठ्यांचे कूड, सात-आठ वर्षांनी एकदा फुलणारी कारवी, नाचणी-वरईची शेती. महादेव कोळी घरांत बसून मुलांनी प्रश्न विचारावेत, आणि त्या वेळेचं मानधन आधी ठरवून द्यावं.

पिठलं_भाकरी :
वर दोघांनी राहून गेलेल्या गोष्टी लिहिते, त्याही महत्त्वाच्याच.

मुलींच्या दृष्टीने आधी शौचालय बघा. ३६ मुलांना एका घरचं पुरत नाही. तीन घरं ठरवा, सकाळी साडेपाचपासून गटवार वेळ द्या, नाहीतर निघायला नऊ वाजतात. वर गरज पडली तर खुरपं घेऊन वीतभर खड्डा, पाण्यापासून ६० मीटर लांब, मातीने बुजवायचा. पॅड खड्ड्यात टाकायचे नाहीत. कागदात, मग झिपच्या पिशवीत घालून परत आणायचे. प्रत्येक गटाच्या बाईंकडे जादा पॅड असू द्या आणि ते आहेत हे मुलींना आधीच सांगा. रात्री एकट्याने बाहेर पडायचं नाही. अकोले तालुक्यात बिबट्या ही काही गोष्टीतली गोष्ट नाही. दोन मुलं, एक मोठं माणूस, टॉर्च, असंच जायचं.

मधमाश्या. आग्यामोहोळ कड्यांना असतं. अत्तर, डिओ, वासाचं तेल चालणार नाही; आरडाओरडा, धूर, दगड मारणं तर नाहीच. माश्या उठल्याच तर हात न झाडता, तोंड-मान झाकून, आल्या वाटेने लांब जायचं. पण कड्याजवळ कुणी पळायचं नाही. काटे नखाने खरवडून लगेच काढा. अंगभर गांधी, ओठ सुजणं किंवा श्वास लागणं दिसलं तर थांबून बघत बसू नका, तडक दवाखाना.

साप चावल्याची शंका आली तरी चिरणं, चोखणं, करकचून बांधणं नाही. अवयव फळीने स्थिर, मूल झोपवून, वेळ लिहून, उचलून खाली. प्रतिसर्पविष लस जवळच्या कुठल्या सरकारी रुग्णालयात आहे, हे निघण्याआधी फोन करून विचारा आणि एक जीप पाचनईत दोन्ही दिवस उभी ठेवा. बसवर विसंबू नका, ड्रायव्हर जेवायला गेलेला असतो. १०८ आणि ११२ मुलांनाही पाठ हवेत, पण वर रेंज सगळीकडे मिळेलच असं नाही.

पाणी माणशी तीन लिटर, निघतानाच भरलेलं. वरचं टाक्यातलं पाणी उकळल्याशिवाय नको. ओआरएसची पाकिटं माणशी एक आणि वर दहा. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा! मीठ जास्त पडलं तर अपायच होतो. जेवणाची संख्या दोन दिवस आधी कळवा. रात्री भाकरी, पिठलं, भात-आमटी, सकाळी पोहे. ५० माणसांच्या भाकऱ्या चुलीवर व्हायला दोन-तीन तास लागतात, म्हणून मुलं आल्यावर ‘आता करा’ म्हणू नये.

कपडे : जीन्स नको. पहाटेला पारा दहाच्या खाली उतरू शकतो, कानटोपी हवीच. बूट महिनाभर वापरलेले. सहलीसाठी नवे घेतले की पहिल्या तासातच टाचेला फोड येतो. टॉर्चमधले सेल प्रवासात उलटे घालून ठेवायचे, नाहीतर बॅगेत दाबला जाऊन रात्री बंद.

कोकणकडा_दक्षिण :
मुक्काम खाली हे मान्य, पण वेगळ्या कारणासाठी थोडा विरोध नोंदवतो. कोकणकड्यावरची संध्याकाळ या मुलांना मिळणार नाही, आणि तीच खरी पाहण्यासारखी. हाताशी दोन रात्री असतील, परवानगी असेल, तर पहिली पाचनईत आणि दुसरी वर. एकच रात्र असेल तर मग मोह सोडा.

सकाळी कड्यावर नेताना काठापासून १५ फुटांवर दोरी टाका, ती ओलांडायची नाही. सहा-सहा मुलं, सॅक मागे ठेवून, दोरीपर्यंत, बाकीची बसून. कड्याचा काठ पुढे झुकलेला आहे, उभं राहून खाली काही दिसतही नाही. फोटो लीडरच काढेल. इथे मुलं पडतात ती वाऱ्याने नव्हे, मागे सरकत सेल्फी घेताना. केदारेश्वराच्या लेण्यात पाणी कमरेएवढं आणि बर्फासारखं, दर्शन काठावरूनच. ओले कपडे आणि वरचा वारा म्हणजे थरथर कापणारं मूल आणि थांबलेला गट.

गडावरून उतरायला बरोबर साडेबाराला सुरुवात, मग कुणाचं काहीही बघायचं राहिलेलं असो. अडीच-तीनला खाली, जेवण, चारला बस.

सह्यशाळा :
खूप आभार सगळ्यांचे. मुक्काम पाचनईत नक्की केला. एक शंका : पायथा आणि माथा इथलं तापमान मुलांनी मोजावं असं विज्ञानाच्या बाईंचं म्हणणं आहे. दर १०० मीटरला ०.६ अंश फरक येईल का?

कारवीचं_रान :
पहाटे मोजलंत तर उलटंही येईल. हिवाळ्यात रात्री जड थंड हवा उतरून खोऱ्यात साठते, त्यामुळे पहाटे पाचनई गडापेक्षा गार असू शकतं. अकरा-बाराला मोजा. दोन सारखे तापमापक आदल्या रात्री शेजारी ठेवून त्यांच्यातला फरक लिहून घ्या. एक खाली जीपवाल्या दादांकडे, एक वर. सावलीत, जमिनीपासून चार-पाच फुटांवर टांगून, हात न लावता पाच मिनिटांनी वाचायचा, दोन्हीकडे एकाच वेळी. आणि पहाटे साडेसहाचंही एक वाचन गावात घ्याच, दोन्ही आकडे वहीत शेजारी-शेजारी लिहायला सांगा.