मदत हवी आहे : मे महिन्यात सोन्याचा वर्ख गेसोवर धरत नाही

संभाजीनगरात निवृत्तीच्या मानपत्रांचा हंगाम म्हणजे मे अखेर. १ जून जन्मतारखेवाले सगळे ३१ मेला एकदम निवृत्त होतात, त्यामुळे काम पुढे ढकलता येत नाही. मजकूर बोरूने होतो, अडतं ते सोन्याच्या वर्खाचं आद्याक्षर.

गेसोचं (वर्खाखाली द्यायच्या थराचं) प्रमाण नेहमीचंच : पाण्यात मुरवलेलं प्लास्टर ८ भाग, शिशाचा सफेदा ३, साखर १, माशाचा सरस १, रंगापुरता गेरू. साखर हवेतली ओल ओढते म्हणून पावसाळ्यात वर्ख लगेच बसतो. आता थराला ओल यावी म्हणून नळीतून चार-पाच फुंकरी मारल्या तरी थर क्षणात सुकतो. वर्ख फक्त कडांना धरतो, अकीकाच्या दगडाने घोटला की सालपटं निघतात.

साखर दीडपट केली तर पकड येते, पण पावसाळ्यात तो थर चिकट राहून झिलई जाते. कूलरपुढे कागद फुगतो आणि वर्ख उडतो तो वेगळाच. पहाटे जमतं, पण तेवढ्यात एकच अक्षर होतं.

साखरेऐवजी मध कुणी वापरलाय का? किती? आणि वर्खाचं अक्षर मजकुराच्या दरात धरता की वेगळं? चांदीचा वर्ख कृपया सुचवू नका, काळा पडतो.