सायडबॉटम आणि बोथम

इंग्रजीत 'बॉटम' म्हणजे ढुंगणही, म्हणून सायडबॉटम हे इंग्रजी आडनाव टिंगलीतून पडलं असणार, असा तर्क कुणी केला तर तो पटत नाही. हे सरळसरळ जागेवरून पडलेलं आडनाव आहे. जुन्या इंग्रजीत 'सीड' म्हणजे रुंद आणि 'बॉटम' म्हणजे दरीचा तळ. उत्तर इंग्लंडातल्या पेनाइन डोंगरांच्या अंगाखांद्यावर, चेशर-लँकेशर-यॉर्कशर पट्ट्यात अशा दऱ्या जागोजागी आहेत. मँचेस्टरच्या उत्तरेला रॅम्सबॉटम नावाचं अख्खं गाव आहे. साहजिकच आडनावंही तिकडचीच. इंग्लंडकडून क्रिकेट खेळलेले सायडबॉटम बापलेक बघा: आर्नी (१९८५ मध्ये एकच कसोटी, बिचारा) बार्न्सलीचा, रायन हडर्सफील्डचा. दोन्ही गावं यॉर्कशरमधली. बाकी, इंग्लंडचा दिग्गज अष्टपैलू क्रिकेटपटू इयान बोथमचं आडनावही याच 'बॉटम'मधून आलंय, पण त्याला हसायची कुणाची टाप आहे!