फ्युएल फिल्टर एकटा बदलता येतो का? कन्याकुमारीला निघायच्या आधी विचारतोय

पांढरकवड्याचा मास्तर

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्ट्यांत बायकोला घेऊन कन्याकुमारीला निघतोय. आमच्या गावावरून जाणारा एनएच ४४ थेट तिथं जाऊन संपतो. लहानपणापासून या रस्त्यानं दक्षिणेकडे जाणारे ट्रक पाहत आलो, एकदा तो शेवटपर्यंत पाहायचाच आहे.

गाडी म्हणजे बाईक, एफआय (कार्ब्युरेटरऐवजी पंपाच्या दाबानं पेट्रोल फवारणारी), टुरिंगची, ४६ हजार किलोमीटर झालेली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, वाद नको. एकटा शाळेत जातो-येतो तेव्हा काही त्रास नाही. पण दोघं बसलो, दोन्ही बाजूंना पेट्या लागल्या, की ८० च्या वर चढावर गाडी दम टाकते. मूठ पिळली तर झटके देते, थोडी सोडली की पुन्हा नीट. एअर फिल्टर नवीन, प्लग नवीन. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, फिल्टर वेगळा मिळत नाही, टाकीतला अख्खा पंप बदला. तो खर्च ऐकून प्रवासच रद्द करावा असं वाटलं.

एक गोष्ट लपवत नाही. श्रावणात मेळघाटात, धारणीच्या पुढे, पेट्रोल संपत आलं म्हणून एका दुकानातून पाण्याच्या बाटल्यांतलं चार लिटर भरलं होतं. तळाशी गढूळ दिसत होतं, तरी भरलं. संध्याकाळ झाली होती, बायको सोबत होती, दुसरा इलाज नव्हता.

गॅरेजवाले काका, परतवाडा

मास्तर, पह्यले फिल्टरले दोष देऊ नोका. टाकीच्या झाकणाची चाचणी करा. गाडीनं दम टाकला का तिथंच बाजूले उभी करा अन् झाकण उघडा. फस्सकन हवा आत गेली, अन् गाडी लगेच सुधरली, तं झाकणातलं हवेचं भोक बुजलं हाय. काडीनं साफ होते, खर्च नाई.

ते नसन तं मंग फिल्टर. एफआयचा पंप साधारण तीन बार दाबानं पेट्रोल ढकलते. फिल्टर अर्धा बुजला तरी हळू चालताना पुरते. ओझं घेऊन चढावर जास्त पेट्रोल लागलं का इंजिन उपाशी राह्यते. तुमची तक्रार तशीच दिसते. पंपाखालची जाळी बुजली तरी हेच होते, म्हणून दोन्ही पाहा.

आता 'वेगळा मिळत नाई' याचं. पार्ट कॅटलॉगमधलं ते पान दाखवा म्हणा. फिल्टरले सोताचा नंबर असन तं तो एकटा येते. कोणत्या गाड्यांत फिल्टर पंपाच्या डब्यातच बसवलेला राह्यते, तवा त्यायचं म्हणणं खरं हाय. पान पाह्यल्याबिगर पैसे देऊ नोका.

सोता करणार असान तं आंगणात करा, सकाळी करा. पेट्रोलची वाफ हवेपक्षा जड, खाली बसते अन् जमिनीवरून चुलीपर्यंत सरकत जाते. गोठ्यात, घरात अजिबात नाई.

मूलचा बुलेटवाला

माझी गाडी कार्ब्युरेटरची. तिला मी पारदर्शक प्लास्टिकचा छोटा फिल्टर बाहेरच्या पाईपमध्ये लावलाय, तीन वर्षं झाली, कचरा डोळ्यांनी दिसतो. मास्तर, तुम्हीही तोच लावून टाका ना, टाकी उघडायची गरजच नाही.

गॅरेजवाले काका, परतवाडा

नाई भाऊ, ते लावू नोका. तुमच्या गाडीत पेट्रोल सोताच्या वजनानं खाली येते, दाब जवळजवळ नाई. तो प्लास्टिकचा फिल्टर तीन बारवर फुटला तं पेट्रोल तापलेल्या इंजिनावर उडन. मागं बाईमाणूस बसून हाय. तुमच्या गाडीवर तो बरोबर, मास्तरच्या गाडीवर जीवघेणा.

वर्ध्याची रायडर

टाकीच्या आतल्या पाईपकडे लक्ष द्या, हे कोणी सांगत नाही. माझ्या गाडीत फिल्टर बदलताना आतला छोटा पाईप साध्या पेट्रोल पाईपनं बदलला गेला. साधा पाईप आतून पेट्रोल सोसतो, पण बाहेरून पेट्रोलमध्ये बुडवून ठेवायला बनलेला नसतो. आठ महिन्यांत तो फुगून चिरला, दाब टाकीतच सुटायला लागला आणि उमरेडच्या अलीकडे भर दुपारी गाडी बंद पडली. पंप चांगला होता, मी मात्र नवा पंप मागवून बसले होते.

पाईपवर 'जे ३० आर १०' लिहिलेलं असलं तरच घ्या, तो बुडण्यासाठी असतो. क्लॅम्प गुळगुळीत पट्टीचे घ्या. खाचावाले स्क्रू क्लॅम्प पाईप कापतात.

पांढरकवड्याचा मास्तर

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी केलं, सविस्तर लिहितो, कोणाला उपयोग होईल.

झाकण उघडून पाहिलं, फरक नाही. कॅटलॉगचं पान मागितलं तेव्हा कळलं, माझ्या गाडीत फिल्टर वेगळा डबा आहे, त्याला स्वतंत्र नंबरही आहे. आठवड्यात आला.

टाकी जवळजवळ रिकामी होईस्तोवर गाडी वापरली. सकाळी सहाला अंगणात लावली, आईला सांगून त्या दिवशी चूल उशिरा पेटवली. पंपाचं कनेक्टर काढून इंजिन चालू ठेवलं, ते आपोआप बंद पडलं, म्हणजे पाईपमधला दाब उतरला. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. तरी पाईप सोडताना कापड धरलं होतं, ते ओलं झालंच. पंपाच्या प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे सैल केले. जुनी रबरी रिंग इतकी फुगली होती की परत खाचेत बसेना. नवी आणली नसती तर काम तिथंच अडलं असतं. फिल्टरवरचा बाण इंजिनकडे जाणाऱ्या बाजूला करून बसवला.

जुना फिल्टर पूर्ण निथळून, दोन दिवस उन्हात वाळवून हातआरीनं कापला. ग्राइंडर वापरू नका, ठिणगी उडते. आतलं पांढऱ्या कापडावर झटकलं. बारीक माती निघाली, ती त्या बाटल्यांची असावी. पण त्याहून जास्त लालसर भुकटी होती, म्हणजे गंज. टॉर्चनं टाकीत पाहिलं तर वरच्या बाजूच्या जोडावर गंजाची पट्टी दिसते. उन्हाळ्यात दीड महिना गाडी अर्ध्या टाकीनं उभी होती, त्यात आताच्या पेट्रोलमधलं इथेनॉल पाणी ओढतं. उभी ठेवायची तर टाकी भरून, हे मला ठाऊक असायला हवं होतं.

जोडल्यावर चावी चार वेळा चालू-बंद केली, पाईप भरला, मग स्टार्टर दाबला. जोडांवर कोरडा कागद फिरवून पाहिला, ओल नाही. काल दोघं आणि भरलेल्या पेट्या घेऊन हिंगणघाटपर्यंत जाऊन आलो. वडकीच्या पुढे मुद्दाम मूठ पूर्ण पिळली, एकही झटका नाही.

टाकीचा गंज परत आल्यावर काढणार. तोपर्यंत एक जादा फिल्टर, दोन क्लॅम्प आणि एक रबरी रिंग उजव्या पेटीत ठेवली आहे.