ग्लिसरीन वाढवून पॅच टिकणार नाही
तोंडातल्या व्रणासाठी गालाच्या आत चिकटवायच्या औषधी पॅचला तडे जातात तर तो लवचिक व्हायला ग्लिसरीन वाढवा, असा सल्ला दिला जातो. तो देशावर चालेल; रत्नागिरी-मालवणात पावसाळ्यात तो अंगाशी येतो. ग्लिसरीन हवेतला दमटपणा ओढतं, पॅच साच्यातच चिकट होतो. मुळात कोरडा एचपीएमसी (ज्याचा पॅच बनतो तो पॉलिमर) गालाच्या आतला ओलावा शोषून फुगतो म्हणून पॅच धरतो. आधीच फुगलेला काय धरणार? ग्लिसरीनची सुरुवात पॉलिमरच्या वजनाच्या १५ टक्क्यांपासून करा, ४० अंशांवर ओव्हनमध्ये वाळवा आणि काढल्या काढल्या सिलिका जेलसकट फॉइलमध्ये बंद करा.

पॅचमध्ये औषध म्हणून जाईच्या पाल्याचा अर्क ठीक. कोकमाचा मात्र नको, आंबटपणाने व्रण झोंबतो. पॅचवर थेंबभर डिस्टिल्ड वॉटर टाकून पीएच पेपर लावा, ६.५ ते ७ हवा. आणि जिभेकडच्या बाजूला पाण्यात न विरघळणाऱ्या इथाइल सेल्युलोजचा पातळ थर नसेल तर बराचसा अर्क लाळेबरोबर पोटातच जातो.