गड्ड्याच्या यात्रेसाठी मुलाची शाळा दोन दिवस बुडवावी का?

प्रश्न : एक आई, बाळीवेस

माझा मुलगा सातवीत आहे. त्याचे काका दरवर्षी सोलापूरच्या श्री सिद्धेश्वरांच्या या यात्रेत नंदीध्वजाबरोबर, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच मानाच्या काठीबरोबर, सेवा देतात आणि यंदा मुलानेही बाराबंदी हा पांढरा पारंपरिक पोशाख घालून त्यांच्यासोबत चालावे, अशी घरातल्या सर्वांची इच्छा आहे. साधारणपणे १३ जानेवारीला ६८ लिंगांना तैलाभिषेक असतो आणि १४ जानेवारीला सिद्धेश्वर मंदिराजवळच्या संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा, म्हणजे प्रतीकात्मक विवाह, होतो. पहिल्या दिवशी सकाळी निघालेले नंदीध्वज परतेपर्यंत रात्र होते, त्यामुळे अर्धा दिवस शाळा करून चालणार नाही. शाळेने दोन्ही दिवस सुट्टी दिलेली नाही आणि १४ तारखेला गणिताची घटक चाचणी ठेवली आहे. ‘आजारपणाचा अर्ज द्या, म्हणजे कोणी विचारणार नाही,’ असे शाळेतून सुचवण्यात आले. मला ते पटत नाही. हजेरी कमी भरली तर वर्ष वाया जाईल, असे शेजारी सांगतात. ते खरे आहे का?

उत्तर : निवृत्त मुख्याध्यापक, जुळे सोलापूर

ताई, हजेरीची भीती मनातून काढून टाका. शिक्षण हक्क कायदा, २००९ मध्ये सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान २२० दिवसांची अट आहे. पण ती शाळा किती दिवस भरवावी याची आहे, एखाद्या मुलाच्या दोन दिवसांच्या रजेशी तिचा संबंध नाही. लोक जी ७५ टक्के हजेरीची अट सांगतात, ती दहावी-बारावीच्या मंडळाच्या परीक्षेला बसणाऱ्यांसाठी आहे.

आजारपणाचा अर्ज मात्र मुळीच देऊ नका. ज्या मुलाला आपण देवाच्या कामासाठी नेतो, त्याच्याच देखत खोटे लिहायचे, हे मला कोणत्याही अंगाने योग्य वाटत नाही. शिवाय त्याच दिवशी मिरवणुकीच्या वाटेवर वर्गातली निम्मी मुले त्याला बाराबंदीत पाहणार आहेत. ‘श्री सिद्धेश्वर यात्रेतील सेवेसाठी’ असे स्पष्ट लिहून आठवडाभर आधी अर्ज द्या आणि त्यातच चाचणी दुसऱ्या दिवशी घेण्याची विनंती करा. जिल्हाधिकाऱ्यांना वर्षातून तीन स्थानिक सुट्ट्या जाहीर करता येतात. यंदाच्या यादीत यात्रेचा दिवस आहे का, तेही एकदा पाहून घ्या.

उत्तर : माध्यमिक शिक्षिका, होटगी रस्ता

मी थोडे वेगळे मत मांडते. माझ्या एकाच वर्गात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्या घरांतली मुले आहेत. प्रत्येक सणाला पाच-सहा मुले गैरहजर राहिली की तोच धडा पुन्हा शिकवावा लागतो, आणि जी मुले हजर होती, त्यांचा वेळ जातो. रजा नाकारावी असे मी म्हणत नाही. परंतु नंदीध्वजाचा सराव संध्याकाळी चालतो, त्यासाठी शाळा बुडत नाही. यात्रेच्या मुख्य दिवसांपुरतीच रजा घ्यावी. त्यानंतरचे होम प्रदीपन, म्हणजे होम पेटवण्याचा विधी, संध्याकाळी असते आणि शोभेचे दारूकाम रात्री, त्यामुळे त्या दोन्ही दिवशी मुलाने दिवसभर शाळेत असलेच पाहिजे. बुडालेल्या दोन दिवसांचा गृहपाठ कोण करून घेणार, हेही घरी आधीच ठरवा. अक्षता सोहळ्याला न्याल, तेव्हा कुंभारकन्येचा सिद्धेश्वरांच्या योगदंडाशी विवाह का लावला जातो, हे त्याला नीट सांगा. नाहीतर तो केवळ गर्दीत उभा राहून परत येईल.

उत्तर : एक वडील, पूर्व भाग

आमच्या पद्मशाली समाजात नारळी पौर्णिमेला मार्कंडेय रथोत्सव असतो आणि आमच्याही घरी हाच प्रश्न येतो. नियम सर्वांना एकच असावा, एवढीच माझी शाळांकडे मागणी आहे. रथोत्सवाला मिळालेली रजा शेजारच्या मुलाला ईदच्या दुसऱ्या दिवशी नाकारली गेली, तर माझ्या मुलीला त्यातून काय समजेल? ईदची तारीख चंद्रदर्शनावर ठरते. तिच्या वर्गातल्या एका मुलाच्या वडिलांनी अर्जात तारखेऐवजी ‘चंद्रदर्शनानुसार’ असे लिहिले आणि शाळेने तो विनातक्रार स्वीकारला. आईंनीही असाच सरळ अर्ज द्यावा.

प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. अर्ज मी आजच लिहीत आहे आणि रजा १३ व १४ याच दोन दिवसांची मागत आहे. चाचणी नंतर घेणे शक्य नसेल, तर ते गुण गेले तरी चालतील, असेही त्यात नमूद करते. मुलाला विचारूनच हे ठरवले आहे.